गाळ नको, त्यातला स्फुरद हवा

मैलापाण्याच्या गाळाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बाजू ठरल्यासारख्या उभ्या राहतात. एक म्हणते, हे तर सोनखत. आजे-पणजे वापरत होते, शेतात टाका, जमीन सुधारेल. दुसरी म्हणते, शहराची घाण आमच्या रानात नको. जाळा नाहीतर पुरा. वर्तमानपत्रातली पत्रे असोत, ग्रामसभा असो की पालिकेतली चर्चा, वाद याच दोन खुंट्यांमध्ये हेलपाटे घालत राहतो. दोघांनाही काही ना काही खरे दिसलेले आहे, म्हणून कुणी हटत नाही. पण गाळ टाकायचा कुठे, एवढ्यावरच सगळे भांडत असल्यामुळे त्या गाळात आहे काय, हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मोठ्या शहरांच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, वेगळा काढणे कायद्याने बंधनकारक व्हावे. त्यासाठी मुदत हवी तेवढी लांब द्या, पण ती पक्की असू द्या. आणि तोवर एकही मोठे केंद्र या सोयीसाठी जागा न सोडता बांधले जाऊ नये. शहराचा गाळ शेतात जाता कामा नये. त्यातला स्फुरद मात्र गेलाच पाहिजे.

या प्रश्नाकडे मी वळले ती उजनीच्या काठावरून. इंदापूर तालुक्यात फुगवट्याच्या कडेला आमची थोडी जमीन आहे, भाऊ कसतो. दोन वर्षांपूर्वी रब्बीच्या तोंडावर मी गावी होते. डीएपी या स्फुरदाच्या खताची गाडी आल्याचा निरोप आला, तसा तो सकाळी सातला कृषी सेवा केंद्रावर जाऊन रांगेत उभा राहिला. दुपारी दोनला परत आला तो दोन गोण्या घेऊन, आणि सोबत नको असलेल्या विद्राव्य खताची एक पिशवी आणि कसलेसे टॉनिक. "लिंकिंग आहे, ताई. हे घेतलं नाही तर अठरा-सेहेचाळीस मिळत नाही," म्हणाला आणि न जेवताच मोटार बघायला नदीवर गेला, कारण पाणी कमी येत होते. मीही मागून गेले. फुटव्हॉल्व्हला जलपर्णीची काळी, केसाळ मुळे गच्च गुंडाळली होती. ती त्याने कोयत्याने कापून काढली. हात बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत हिरवा थर बसला होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या धरणात येते. त्या पाण्यातला स्फुरद खाऊन ही जलपर्णी पोसते. सकाळी ज्या वस्तूसाठी माझा भाऊ सात तास रांगेत उभा होता, तीच वस्तू दुपारी त्याच्या मोटारीचा गळा आवळून बसली होती. शहरातला प्रत्येक माणूस ती रोज नदीत सोडतो, शेतकरी ती परदेशातून आणवतो, आणि दोन्हीचा खर्च कररूपाने आपणच भरतो.

आता या मूलद्रव्याची गोष्ट जरा नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती नत्रासारखी नाही. नत्र हवेत अमाप आहे. कारखाना आणि इंधन असले की तो खाली ओढता येतो. स्फुरद हवेत नाही, तो तयार करता येत नाही आणि त्याला पर्यायही नाही. हाडात तो, पेशीच्या ऊर्जेत तो, बियाण्यात तो. तो फक्त खडकात मिळतो, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या आणि त्याच्या ताब्यातल्या पश्चिम सहाराच्या वाळवंटात आहेत. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटड्याची खाण आहे, पण देशाची भूक त्यावर भागत नाही. खडक, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी, कोणत्या ना कोणत्या रूपात आपण स्फुरद बाहेरूनच आणतो. २००८ साली खडकाचा जागतिक भाव वर्ष-सव्वा वर्षात सुमारे आठपट झाला आणि चीनने निर्यातीवर १३५ टक्क्यांपर्यंत कर बसवला. २०२१ मध्ये चीनने पुन्हा हात आखडता घेतला. आपल्याला ही झळ लागली नाही असे वाटते, कारण गोणी १,२०० ते १,३५० रुपयांनाच मिळत राहिली. पण ती मिळावी म्हणून केंद्र सरकारचे डीएपीच्या एका गोणीमागचे अनुदान मे २०२१ मध्ये ५०० वरून १,२०० रुपये झाले, ऑक्टोबरात १,६५० झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये २,५०१ रुपये. शेतकऱ्याने गोणीला दिले त्याच्या जवळपास दुप्पट पैसे सरकारने भरले. ज्या वस्तूसाठी आपण एवढे मोजतो, ती वापरून झाल्यावर कुठे जाते याचा हिशेब एकाही सरकारी कागदावर नसावा?

हा विसराळूपणा आपल्या एकट्याचा नाही आणि नवाही नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी कुजली की तिच्या काठच्या ब्रिटिश संसदेला कामकाज करणे मुश्कील झाले. त्याआधी काही वर्षे तिथे वाद चालू होता: शहराचा मैला शेतीकडे वळवायचा की नदीने समुद्राकडे? आरोग्यसुधारक एडविन चॅडविक शेतीच्या बाजूचा होता. जर्मनीत लीबिग हा रसायनशास्त्रज्ञ सांगत होता की मातीतून घेतलेले मातीला परत न करणारे राष्ट्र स्वतःची जमीन लुटते, आणि इंग्लंड तर खतासाठी युरोपातल्या रणांगणांवरची हाडेसुद्धा उचलून नेते. पण दुर्गंधीने घाई केली. बॅझलजेट या अभियंत्याने भुयारी गटारांचे अफाट जाळे बांधले, मैला शहराच्या खालच्या अंगाला बेक्टन आणि क्रॉसनेसला नेऊन थेम्समध्ये सोडला. त्या गटारांनी कॉलरा हटवला, लाखो जीव वाचवले. त्याबद्दल बॅझलजेटला दोष देण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण त्याच दशकांत त्याच इंग्लंडची जहाजे पेरूच्या चिंचा बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा भरभरून आणत होती. ती बेटे काही दशकांत खरवडून संपली. मग पाळी आली खडकाची, आणि विसाव्या शतकात प्रशांत महासागरातल्या नाउरूचा मधला जवळजवळ सगळा भाग स्फुरदासाठी उकरून ओसाड झाला. लंडनचा स्फुरद समुद्रात गेला आणि नाउरूची जमीन बोटीत. पुणे आणि उजनी यांच्यात आज जे चालले आहे, ते याहून वेगळे कुठे आहे?

एका शहराने मात्र हे वर्तुळ पुरे करत आणले आहे, तेही योगायोगाने. १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने सोने मिळेल या आशेने मूत्र आटवले, भाजले, आणि त्याला अंधारात चमकणारा पदार्थ मिळाला. मूत्रातून सोने काढायला निघालेल्या माणसाला स्फुरद सापडला, आणि आपण मैल्याच्या खताला सोनखत म्हणतो. दोन्हीकडे नजर एकाच वस्तूवर गेली होती असे मला नेहमी वाटते. १८४५ मध्ये त्याच हॅम्बुर्गात सेंट निकोलाय चर्चच्या पायाच्या खोदाईत, जुन्या घाणीने भिजलेल्या मातीत नवे स्फटिक मिळाले. त्यांना स्ट्रुव्हाइट नाव पडले. मॅग्नेशियम, अमोनिया आणि स्फुरद यांचा हा संयुग. काही मुतखडेही याचेच असतात. आणि आता त्याच शहराने गाळाच्या राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढण्याचा कारखाना उभारला आहे.

हॅम्बुर्गचा कारखाना हौसेने उभा राहिलेला नाही. त्यामागे कायदा आहे. जर्मनीने २०१७ मध्ये गाळाचा नियम बदलला. एक लाखाहून अधिक लोकसंख्येइतका भार घेणाऱ्या केंद्रांना २०२९ पासून, पन्नास हजारांहून अधिकच्या केंद्रांना २०३२ पासून स्फुरद परत मिळवावाच लागेल. गाळाच्या एक किलो कोरड्या वजनात २० ग्रॅम किंवा अधिक स्फुरद असेल तर हे बंधन लागू. गाळातूनच काढायचा तर निम्मा तरी निघाला पाहिजे, किंवा उरलेल्या गाळात तो २० ग्रॅमच्या खाली आला पाहिजे. गाळ जाळून राखेतून काढायचा तर ८० टक्के. आणि राखेतून काढण्याची सोय अजून झाली नसेल तर राख दुसऱ्या कशात न मिसळता वेगळी साठवून ठेवायची. या शेवटच्या तरतुदीचे मला फार मोल वाटते, कारण तंत्र तयार नाही म्हणून वस्तूच घालवून टाकायची नाही, हे तिच्यात स्पष्ट आहे. स्वित्झर्लंडने त्याआधीच, २००६ पर्यंत, गाळ शेतात टाकणे पूर्ण थांबवले होते. २०१६ पासून लागू झालेल्या नियमाने तिथे दहा वर्षांची मुदत देऊन स्फुरद काढणे बंधनकारक केले. दोन्ही देशांत आज कुरबुर आहे. कारखाने वेळेत उभे राहत नाहीत, खर्च वाढतो, पालिका मुदतवाढ मागतात. आपल्याकडचे विरोधक हे बोट दाखवतील, आणि दाखवावेच. पण त्या कुरबुरीत नीट पाहिले तर "हे करू नका" म्हणणारे थोडे आहेत. "कधी आणि कुणाच्या पैशाने" यावरच बहुतेक सगळा वाद आहे.

आता सोनखतवाल्यांकडे येते. त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते, आणि त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका केंद्रात गाळ वाळवायचे वाफे होते. उन्हाने गाळाला तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांमधून गुडघाभर उंचीची टोमॅटोची रोपे वर आली होती, फळांनी लदलेली. "कुणी लावलेली नाहीत, मॅडम. बिया पोटातून येतात," तिथला ऑपरेटर म्हणाला. टोमॅटोचे बी माणसाच्या आतड्यातून, गटारातून, टाक्यांतून तगून येते आणि त्या गाळात असे तरारते, की खताच्या ताकदीचा दुसरा पुरावा मागावासा वाटू नये. गाळात नुसता स्फुरद नाही. नत्र आहे, सेंद्रिय कर्ब आहे, आणि आपल्या जमिनींना कर्बाची भूक किती आहे हे माती परीक्षणाचा कोणताही अहवाल सांगेल. परंपराही खोटी नाही. १९३९ मध्ये सी. एन. आचार्य या शास्त्रज्ञाने बंगळुरात मैला आणि कचरा मिळून खत करण्याची रीत बसवली, ती पुढे अनेक गावांच्या पालिकांनी चालवली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत स्वतःच्या हातांनी संडासाचे खत केले.

पण त्या काळचा मैला आणि आजचा गाळ एक वस्तू नाही. त्या खड्ड्यात माणसाच्या शरीरातून आलेले होते तेवढेच होते. आज त्याच गटारात प्लेटिंगच्या छोट्या कारखान्याचे क्रोमियम येते, रंगाचे, औषधांचे, धुण्याच्या पावडरीचे, चिकट न होणाऱ्या तव्यांच्या लेपासारख्या गोष्टींतले, वर्षानुवर्षे न विघटणारे रसायन येते. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतकऱ्यांनी सरकारच्या परवानगीने, चांगले खत म्हणून गाळ टाकला. काही दशकांनी त्यांच्या विहिरीत, गवतात आणि गायींच्या दुधात ही रसायने सापडली. काही गोठे बंद पडले, आणि २०२२ मध्ये त्या राज्याने गाळ जमिनीवर टाकायलाच बंदी घातली. ज्यांची जमीन गेली त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. त्यांनी सल्ला ऐकला होता. उद्या आपल्याकडचा एखादा शेतकरी फुकट मिळतो म्हणून ट्रॉलीभर गाळ नेईल, त्यात काय आहे हे त्याला कोण सांगणार? खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी जड धातूंच्या मर्यादा आहेत, कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम, शिसे १०० मिलिग्रॅम, पण ट्रॉलीने गेलेला गाळ खत म्हणून विकलाच जात नाही, मग तो तपासणार कोण?

आणि सोनखताच्या आठवणी काढताना एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. ते खत डोक्यावरून कोण वाहत होते? अप्पासाहेबांनी स्वतः हात घातला तो याच लाजेपोटी, भंगीमुक्तीसाठी. ज्यांच्या पिढ्या पाटी डोक्यावर घेऊन गेल्या, त्यांना सोनखत हा शब्द आपल्याइतका गोड वाटत नाही, आणि वाटायचे कारणही नाही. हाताने मैला उचलण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारात आणि टाक्यांत माणसे गुदमरून मरतातच. त्यामुळे मैल्याच्या पुनर्वापराच्या कोणत्याही योजनेला माझा पहिला प्रश्न असतो: यात माणूस कुठे उतरतो? स्फुरद वेगळा काढण्याच्या रीतीला मी उचलून धरते त्यात हे कारण मोठे आहे. गाळातून पिळून काढलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे मीठ घालून सामू, म्हणजे पीएच, वाढवला की बंद टाकीत पांढरे, रव्यासारखे दाणे तयार होतात. हाच तो स्ट्रुव्हाइट. दाणा धुऊन, वाळवून, गोणीत भरून बाहेर येतो. त्याला वास नाही, आणि धातू त्यात फारच कमी उतरतात. जे हवे ते निघाले, जे नको ते मागे राहिले. बर्लिनच्या वासमान्सडोर्फ केंद्रात याची सुरुवात खतासाठी झालीच नव्हती. हे स्फटिक पाइपांत जमून पाइप तुंबवत होते, म्हणून ते मुद्दाम एका टाकीत जमवायला लागले, आणि मग त्याचे खत विकायला लागले. शिकागोच्या स्टिकनी केंद्रातही २०१६ पासून असे दाणे काढले जातात.

दुसऱ्या बाजूचे, जाळा म्हणणाऱ्यांचे म्हणणे यामुळे अर्धे खरे ठरते. गाळ जाळल्याने रोगजंतू मरतात, बरीच सेंद्रिय रसायने नष्ट होतात, आकारमान घटते. पण जाळायचा कुठे? सिमेंटच्या भट्टीत जाळणे सर्वांत सोपे आणि स्वस्त. कोळसा वाचतो, राखेचीही कटकट नाही, ती सिमेंटमध्येच मिसळून जाते. नेमके इथेच नुकसान होते. खाणीतून उकरून आणलेला, समुद्र ओलांडून आलेला, कणसातून आणि माणसातून गेलेला स्फुरद एखाद्या पुलाच्या खांबात कायमचा चिणला जातो. तिथून तो पुन्हा कुणालाही काढता येणार नाही. जर्मनीतही पूर्वी गाळ कोळशाच्या वीजकेंद्रात आणि सिमेंटच्या भट्टीत जात असे. नव्या नियमाचा खरा रोख तिथेच आहे. गाळ जाळायचाच असेल तर एकटा जाळा आणि राख वेगळी ठेवा.

खर्चाचा आणि प्रमाणाचा आक्षेप सर्वांत भक्कम आहे, तेव्हा आकडे मांडूनच बोलू. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला एक ते दीड ग्रॅम स्फुरद जातो. वर्षाला ४०० ग्रॅम धरू. डीएपीच्या गोणीवर ४६ टक्के लिहिलेले असते ते ऑक्साइडच्या रूपात, मूळ मूलद्रव्य २० टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीत १० किलो. पंचवीस माणसे वर्षभरात एका गोणीइतका स्फुरद गटारात सोडतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. तिचे झाले ५,००० टन, पाच लाख गोण्या. सगळ्या शहरी भारताची तेव्हाची ३७.७ कोटी माणसे धरली तर दीड कोटी गोण्या. देशात वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास, म्हणजे वीस कोटी गोण्या डीएपी लागते. सगळा स्फुरद हाती आला, जो येणार नाही, तरी तो सात-आठ टक्के. स्ट्रुव्हाइटच्या रीतीने तर केंद्रात आलेल्याचा थोडाच भाग निघतो. शिवाय परत मिळवलेला स्फुरद आज खाणीतल्यापेक्षा महागच पडतो. तेव्हा याने आयात थांबेल असे कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. शेतातच स्फुरद जपून वापरल्याने याहून अधिक बचत होईल, हेही मान्य. दिलेल्या खतातला जेमतेम १५ ते २० टक्के स्फुरद पहिल्या हंगामात पिकाला लागतो, बाकीचा मातीत अडकतो.

मग कशाला हा खटाटोप? कारण हा हिशेब करताना आपण एकच रकाना भरतो. नदीतला रकाना कोण भरणार? जलपर्णी काढायच्या निविदा दरवर्षी निघतात, सोलापूरला जे पाणी प्यायला जाते ते शुद्ध करायचा खर्च वाढतो, मासेमारी बसते, माझ्या भावाची मोटार जळते. स्फुरद पाण्यातून काढणे नदीसाठी करावेच लागणार आहे. काढलाच आहे तर तो पुरायचा की विकायचा, एवढाच प्रश्न उरतो. आणि भावाच्या तफावतीचे म्हणाल, तर इथेनॉल आठवा. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये ते जेमतेम दीड टक्का होते. ते तेव्हा पेट्रोलशी स्पर्धा करून आले नाही. सरकारने भाव बांधून दिला, मिश्रण सक्तीचे केले, आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. उसाच्या पाण्याचा वाद वेगळा आहे आणि त्यात मी इथेनॉलच्या बाजूची नाही, पण आपले राज्य नियम करून बाजार उभा करू शकते हे महाराष्ट्रातल्या साखर कारखानदाराला समजावून सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये आयात केलेल्या गोणीला २,५०१ रुपये देता आले, तर कुर्ल्याच्या किंवा पिंपरीच्या मैल्यातून काढलेल्या गोणीला त्यातला निम्मा भाग का देता येऊ नये? खत कंपन्यांनी एकूण स्फुरदात सुरुवातीला एक टक्का परत मिळवलेला मिसळावा, असे म्हणायला काय हरकत आहे? आणि शुद्धतेचा मुद्दा काढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की खाणीतल्या खडकातही कॅडमियम आणि युरेनियम असतेच. युरोपाने त्यासाठीच स्फुरदयुक्त खतांतल्या कॅडमियमवर मर्यादा घातली.

एक आक्षेप मात्र मला झोप लागू देत नाही, कारण तो आकड्यांनी सिद्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३५ दशलक्ष लिटर. चारातले तीन भाग तसेच नदीत. अशा देशात स्फुरद काढण्याचा कायदा मागणे म्हणजे ज्या घराला छप्पर नाही त्याला पडदे शिवणे, असे एका अनुभवी अभियंत्याने मला सुनावले होते. मी त्यांना विचारले, छप्पर बांधायला आता घेतलेच आहे ना? मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात केंद्रे उभी राहत आहेत, एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. पुण्यात ३९६ दशलक्ष लिटरची अकरा केंद्रे होत आहेत. ही पन्नास वर्षांची बांधकामे आहेत. जर्मनीला आज जो खर्च जड जातो आहे, तो चालू असलेल्या जुन्या केंद्रांना ठिगळ लावायचा खर्च आहे. लंडनला १८५८ मध्ये घाई होती, आणि त्या घाईत घेतलेला निर्णय दीडशे वर्षे टिकला. आपण आज त्याच वळणावर उभे आहोत. आपल्याकडच्या कितीतरी केंद्रांत गाळ पचवणारी टाकीच नसते, आणि ती नसली तर स्ट्रुव्हाइटची सोपी वाट बंद होते. ती टाकी, तिच्यासाठी जागा, पिळलेल्या पाण्याची वेगळी लाइन, हे नकाशावर असताना स्वस्त असते. काँक्रीट ओतल्यावर नाही.

नियमात काय हवे, ते अवघड नाही. २०१७ मध्ये केंद्राने शुद्ध केलेल्या मैलापाण्याच्या ज्या मर्यादा अधिसूचित केल्या त्यात सामू आहे, बीओडी म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप आहे, निलंबित घनपदार्थ आहेत, मलजन्य जीवाणू आहेत, स्फुरद नाही. जे मोजायचेच नाही ते कोण अडवणार? तेव्हा आधी प्रत्येक मोठ्या केंद्रात येणारा, बाहेर जाणारा आणि गाळात राहणारा स्फुरद मोजा आणि दरमहा जाहीर करा. धरणात जाणाऱ्या पाण्यासाठी मर्यादा घाला. कारखान्यांचे पाणी घरगुती गटारात येऊ देऊ नका, कारण एका क्रोमियमवाल्यापायी लाख घरांचा गाळ वाया जातो. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात परत मिळवलेल्या स्फुरदाला स्वतःची जागा आणि स्वतःचे मानक द्या. युरोपाने जुलै २०२२ पासून स्ट्रुव्हाइट आणि राखेपासूनच्या खतांना अशी वाट करून दिली आहे. आणि दहा लाखांवरच्या शहरांना बारा-पंधरा वर्षांची तारीख ठरवून द्या. कृषी खात्यानेही आपला अभ्यास करावा. स्ट्रुव्हाइट पाण्यात हळू विरघळतो. आपल्या देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर फारच हळू. आम्लधर्मी मातीत तो चांगला लागू पडतो, म्हणजे मुंबईचा दाणा पहिल्यांदा कोकणातल्या जांभ्या जमिनीत, भातात आणि आंब्याच्या आळ्यात तपासायला हवा. ते अंतर फार नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळे मी भावाला सांगत होते. तो गोठ्यात वैरण टाकत होता, मला वाटले ऐकत नाही. काळ्या रानात हा दाणा हळू विरघळतो, आपल्याकडे तितका उपयोग होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले. तो थांबला. "आडसाली ऊस अठरा महिने उभा असतो, ताई. डीएपी आठ दिवसांत मातीत अडकून बसतो म्हणून तुम्हीच ओरडता. हळू विरघळला तर बिघडलं कुठं?" वैरणीची पेंढी खाली टाकत म्हणाला, "मिळाला तर एक पोतं घेऊन ये. दोन गुंठ्यांत टाकून बघू."